केटी देऊ का?

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. काम इथून दुसरीकडे चाललंय, किंवा कुणाचं तरी इथे येतंय, तर आम्ही काय करायचं? नव्या वाचकांसाठी सांगते. मी एकोणीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते आणि पुढची चौदा वर्षं हिंजवडीत 'ट्रान्झिशन'मध्ये. परदेशातल्या ऑफिसातलं काम उचलून पुण्यात आणून बसवायचं, त्याला ट्रान्झिशन म्हणतात. तेव्हा या विषयात मी तटस्थ वगैरे नाही. पत्रं थोडी कापून छापली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा, वाकडला राहतो. एका युरोपियन कंपनीच्या पुण्यातल्या सेंटरमध्ये अकाउंट्स पेएबलची, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासून चुकती करणारी, टीम सांभाळतो. आम्ही २२ जण आहोत. गेल्या महिन्यात सांगण्यात आलं की आमची प्रोसेस पोलंडला, क्राकूव्हला चालली आहे. तिथे सात जण घेतलेत आणि मी त्यांना तीन महिने केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम शिकवून हाती देणं) द्यायची आहे. पोलंड तर आपल्यापेक्षा महाग! मग असं का? आणि खरं सांगा, केटी पूर्ण देऊ की हातचं राखून? घराचा हप्ता ५८ हजार आहे.

उत्तर : अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. इथे बावीस, तिथे सात. मधल्या पंधरा जणांचं काम पोलंडला गेलेलं नाही, ते काम म्हणून उरलंच नाही. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना एकमेकींची ई-इन्व्हॉइस स्वीकारता येणं सक्तीचं आहे. म्हणजे बिल यंत्राला थेट वाचता येईल अशा साच्यात येणार. पीडीएफ उघडायची, बिल नंबर-तारीख-रक्कम सॅप या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, पीओशी, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी, जुळवायची, यात तुमच्या पोरांचा दिवस जायचा. त्यातलं भरणं गेलं आणि जुळवणंही बरंचसं गेलं. मागे राहिली ती न जुळणारी बिलं, आणि 'माझे पैसे का अडकवलेत' म्हणून वैतागून फोन करणारा पुरवठादार. हा फोन जर्मनमध्ये येतो, फ्रेंचमध्ये येतो. क्राकूव्हमध्ये या भाषा बोलणारी मुलं मिळतात, आणि त्यांचं ऑफिस पुरवठादाराच्याच वेळेला उघडतं. आपले दुपारचे दीड वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात सकाळचे नऊ झालेले असतात. शिवाय पोलंड २००४ पासून युरोपीय संघात आहे. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा, मे २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार लोकांची माहिती पुण्याला पाठवायची तर करारात वेगळी कलमं घालावी लागतात. क्राकूव्हला पाठवायची तर ती कटकट नाही. सात जणांचा पगार माणशी कितीही जास्त असू दे, बावीस जणांच्या खर्चापुढे तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

हे ठरतं कसं, तेही सांगते, कारण त्या मीटिंगांना मी बसलेली आहे. 'पुणे बंद करू या' असं कुणी म्हणत नाही. एक एक्सेल शीट असते. आडव्या ओळींत कामाचे तुकडे. उभ्या रकान्यांत महिन्याला किती वेळा, एका वेळेला किती मिनिटं, ग्राहकाशी बोलावं लागतं का, कुठल्या भाषेत, आणि मग एक रकाना : नियम लिहून काढता येतो का, हो की नाही. पगाराचा रकाना अगदी उजवीकडे, बहुतेकदा स्क्रीनच्या बाहेर. आमचा वाद व्हायचा तो 'नियम लिहून काढता येतो का' या रकान्यावर. तिथे 'हो' पडलं की ते काम जगात कुठेही जाऊ शकतं आणि काही वर्षांनी सॉफ्टवेअरमध्येही जाऊ शकतं. तुमच्या टीमकडून दोन-अडीच वर्षांपूर्वी कुणीतरी 'प्रोसेस डॉक्युमेंटेशन' नावाखाली पानंच्या पानं लिहून घेतली असतील. आठवून बघा. निर्णय तेव्हाच सुरू झाला.

आता केटी. हातचं राखू नका, आणि हे मी सुविचार म्हणून सांगत नाहीये. केटीत आधी ते तुमच्या शेजारी बसतात, मग रिव्हर्स केटीत काम ते करतात आणि तुम्ही बघत बसता. दडवलेलं तिथे चौथ्या दिवशी उघडं पडतं. त्यात पुण्यातली अकाउंट्स पेएबलची दुनिया हिंजवडी फेज वनपासून खराडीपर्यंत, बस. आज ज्याच्यावर चिडून तुम्ही एक पायरी गाळाल, तोच दीड वर्षाने इंटरव्ह्यूला टेबलाच्या पलीकडे बसलेला असेल.

पण पूर्ण केटी दिली तरी सगळं जात नाही. २००५ च्या हिवाळ्यात मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एका विमा कंपनीच्या ऑफिसात सहा आठवडे एका बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्या सत्तावीस वर्षं क्लेम बघत होत्या. त्यांच्या कामाची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी कृती, मी लिहिली, चौदा पायऱ्यांची, फ्लोचार्टसकट. मला तिचा फार अभिमान होता. त्या बाईंच्या मॉनिटरच्या कडेने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. एकीवर होतं, 'हे गॅरेज : आधी फोटो, मग पैसे.' दुसरीवर, 'मंगळवारी फोन करतात, आधी कुत्र्याची चौकशी.' मी विचारलं, ही काय भानगड? म्हणाल्या, हे आजोबा एकटे असतात, कुत्र्याचं विचारलं की शांत होतात, मग पाच मिनिटांत काम होतं, नाहीतर अर्धा तास भांडतात. मी चिठ्ठ्या एसओपीत घेतल्या नाहीत. कुत्र्याची चौकशी ही कितवी पायरी लिहिणार? काम पुण्यात आलं आणि पहिल्या दोन महिन्यांत जे जे अडलं ते त्या चिठ्ठ्यांपाशी अडलं.

तुमच्या टीमच्या चिठ्ठ्या कुठे आहेत ते शोधा. कुठला पुरवठादार दर मार्चला दोनदा बिल पाठवतो, कुठल्या देशातला टॅक्स हमखास चुकतो, कुणाला मेल करायचा नसतो आणि फोनच करायचा असतो. पुढच्या इंटरव्ह्यूला 'मी २२ जणांची टीम सांभाळली' याला कुणी विचारत नाही. 'दरमहा एवढी बिलं अडायची, कारण हे होतं, मी असं सोडवलं' याला विचारतात. घरी एका वहीत लिहून काढा, पण त्यात पुरवठादाराचं नाव, रक्कम किंवा कंपनीची फाइल यांपैकी काहीही येऊ देऊ नका. त्यावरून नोकरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत, तीही शेवटच्या आठवड्यात.

आणि घासाघीस आत्ता करा. केटी सुरू होण्याआधी तुमच्या शब्दाला किंमत आहे, संपल्यावर नाही. रिटेन्शन बोनस, म्हणजे शेवटपर्यंत थांबण्याचे पैसे, किती आणि कुठल्या तारखेला, हे पत्रावर घ्या. टीममधल्या कुणाला मध्येच नोकरी लागली तर नोटीस पिरियडचे पैसे कापणार नाही, हेही घ्या. हे सहसा कुणी मागत नाही, आणि मागितलं तर बहुतेकदा मिळतं. बोनसची रक्कम आली की गृहकर्जात भरू नका. सहा हप्त्यांएवढी बाजूला ठेवा, कर्ज फेडायची हौस नंतर.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, यंदा अमेरिकेला पाठवणार होते. आता तिथे नोकरीला जायच्या एच-वन-बी व्हिसाची फी एक लाख डॉलर झाली म्हणे. लग्नाचं बघतोय. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, व्हिसा कोणता? त्याचं भवितव्य संपलं का? का आता उलट तिकडच्या नोकऱ्या इकडे येतील? (निगडी प्राधिकरण)

उत्तर : वहिनी, मीही तुमच्याच प्राधिकरणातली, त्यामुळे मुलीकडचे काय विचारतात ते मला ठाऊक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जो हुकूम काढला, त्यातली ती एक लाख डॉलरची रक्कम अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर आहे. जे आधीच तिथे त्या व्हिसावर आहेत, त्यांच्या मुदतवाढीवर ती नाही. हे व्हिसे तसेही वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार एवढेच असतात, त्यासाठी सोडत निघते. म्हणजे तुमच्या मुलाचं जाणं आधीही चिठ्ठीवरच होतं, आता चिठ्ठी फार महाग झाली. कुठलीही कंपनी चार-पाच वर्षं अनुभवाच्या मुलासाठी एवढे पैसे घालणार नाही.

तिकडच्या नोकऱ्या इकडे येतील का? काही येतातच आहेत. परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या नावाने भारतात उघडलेली केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, २०२४ मध्ये १,७०० च्या वर होती आणि तिथे १९ लाखांच्या आसपास लोक होते. खराडी, बाणेर, बालेवाडीत काचेच्या नव्या इमारतींवर ज्यांची नावं आपल्याला उच्चारताही येत नाहीत, त्या बहुतेक याच. मुलाला सांगा की तो ज्या क्लायंटचं काम करतो, त्याचं स्वतःचं केंद्र पुण्यात उघडतंय का, यावर लक्ष ठेव. मधली कंपनी गाळून क्लायंट थेट माणसं घेतो, हे आता रोजचं झालंय. उलट बाजूही ऐकून ठेवा. भारतासारख्या देशांतून काम करून घेणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या बिलावर २५ टक्के कर लावावा असं विधेयक २०२५ मध्येच तिकडच्या सिनेटमध्ये मांडलं गेलं. मांडलं म्हणजे झालं असं नाही, पण वारं कुठलं आहे ते कळतं.

मुलीकडच्यांना सांगा, व्हिसा नाही, पण मुलगा रोज घरी जेवायला असतो. पुण्यात हल्ली हेही स्थळ चांगलं समजतात.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या चार सीएनसी लेथ, एक व्हीएमसी मशीन, अकरा कामगार. चाकणच्या एका कंपनीला गेली नऊ वर्षं टर्निंगचे जॉब देतो. परवा परचेसच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमचा जो पार्ट १०० रुपयाला घेतो तो चीनहून ८२ ला मिळतोय. दहा टक्के कमी करा, नाहीतर इम्पोर्ट करतो. माझ्यात दहा टक्के सुटतच नाहीत. काय करू?

उत्तर : लगेच हो म्हणू नका. चहा पिऊन उठून या. मग कागद घ्या.

८२ ही त्यांच्या दारातली किंमत आहे की तिकडच्या बंदरातली? परचेसवाले हमखास तिकडची सांगतात. त्यावर जहाजाचं भाडं, विमा, कस्टम ड्युटी, न्हावा शेवा बंदराचा खर्च, तिथून चाकणपर्यंतचा ट्रक. तुमच्या पार्टचा एचएस कोड, म्हणजे कस्टममधला मालाचा वर्गवारी नंबर, काढा आणि ड्युटीचा दर सीएकडून घ्या, अंदाजाने बोलू नका. मग माल वाटेत अडकून राहतो त्याचं व्याज. मी स्वतः हा हिशोब केला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, कारण तो आकडा वाटतो तेवढा मोठा नसतो. वाटेत आणि गोदामात मिळून ७० दिवसांचा माल धरला आणि १२ टक्के व्याज लावलं, तर ८२ रुपयांवर एक रुपया नव्वद पैशांच्या आतच येतं. तेव्हा 'साहेब, तुमचा पैसा अडकेल' या मुद्द्यावर फार जोर देऊ नका, ते हसतील.

जोर द्यायची जागा वेगळी आहे. चीनच्या पुरवठादाराला पैसे कसे जातात? सर्वसाधारण रिवाज असा : ऑर्डरबरोबर ३० टक्के आगाऊ, आणि उरलेले माल रवाना होण्याआधी. तुम्हाला कधी मिळतात? तुम्ही लिहिलं नाहीत, पण भोसरीतला अनुभव सांगतो की ९० दिवस, आणि दिवाळीत १२०. म्हणजे चीनला बँकर म्हणून ते पैसे देतात आणि तुम्हाला बँकर म्हणून वापरतात. हे त्यांना याच शब्दांत सांगू नका, पण आकड्यांत मांडा. ९० चे ४५ दिवस झाले तर १२ टक्क्यांनी तुमचे जवळजवळ दीड टक्का वाचतात. तो दीड टक्का कमी करून द्या, आनंदाने द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर ४५ दिवसांत पैसे देणं त्यांच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ते ४३बी(एच) कलम) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरीसही थकलेले असले तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यांच्या अकाउंट्स खात्याला हे पाठ आहे. परचेसला नसतं, म्हणून पत्राची प्रत अकाउंट्सला जाऊ द्या.

दुसरं रिजेक्शन. तुमच्याकडचा लॉट नापास झाला तर दुपारी फोन येतो, संध्याकाळी तुमचा पोरगा टेम्पो घेऊन जातो आणि रात्रपाळीत नवे जॉब निघतात. कंटेनरमधला पाच हजार नगांचा लॉट गो-नो गो गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, अडला तर पुढचा कंटेनर येईपर्यंत लाइन थांबते. नऊ वर्षांत तुम्ही त्यांची लाइन किती वेळा वाचवलीत, तारखांसह काढा. चलनं असतील, शोधा. त्या साहेबांना त्यांच्या वरच्यांपुढे दाखवायला असाच कागद हवा असतो. आकडा कमी करा असं वरून आलंय, त्यांना स्वतःला चीनशी काही देणंघेणं नाही.

आणि हेही खरं की मोठ्या कंपन्या आता सगळी अंडी एका टोपलीत ठेवत नाहीत. आपल्या मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ च्या सुमारास जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली, तेव्हापासून त्यांचं सूत्रच होतं की एकच पार्ट दोन देशांत बनवता आला पाहिजे, एकीकडे अडलं तर दुसरीकडून जाईल. तुमचा गिऱ्हाईकही तसाच विचार करत असेल. तेव्हा सगळं किंवा काहीच नाही अशी लढाई करू नका. म्हणा, तीस टक्के तिकडून घ्या, सत्तर माझ्याकडे लेखी दोन वर्षं राहू द्या. त्या हमीवर बँक तुम्हाला पाचव्या लेथसाठी दारात उभं करेल.

जमलंच नाही, तर तो पार्ट सोडा. तोट्यात केलेला जॉब गिऱ्हाईक टिकवत नाही, फक्त तुम्हाला उशिरा बंद करतो.

प्रश्न : मी हिंजवडीत सीनियर इंजिनिअर आहे, ११ वर्षं एकाच कंपनीत. आमच्या प्रॉडक्टचं काम परदेशातल्या दुसऱ्या सेंटरला नेलं. सोमवारी एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून लॅपटॉप काढून घेतला आणि म्हणाले, दोन तासांत राजीनाम्याचा मेल कर, नाहीतर टर्मिनेट करू आणि रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही. मी अजून पाठवलेला नाही. बेसिक ६० हजार आहे. घरी सांगितलेलं नाही.

उत्तर : आज घरी सांग. बाकीचं त्यानंतर. आणि दोन तास उलटून गेले, तू मेल पाठवला नाहीस आणि आभाळ कोसळलं नाही, हे लक्षात घे.

राजीनामा स्वतःहून दिला की कायद्याच्या दृष्टीने ती नोकरकपात राहत नाही. कपात असेल, आणि तू 'कामगार' या व्याख्येत बसत असशील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीत याशिवाय १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीतून ४५ दिवसांच्या आत खात्यात जमा करायची तरतूद आहे. आता 'मी इंजिनिअर, मी कसली कामगार' असं म्हणू नकोस. तांत्रिक काम करणारा माणूस व्याख्येत येतो. व्यवस्थापकीय काम करणारा येत नाही, आणि महिना १८ हजारांवर पगार असलेला सुपरवायझरही येत नाही. कोर्ट हुद्दा बघत नाही, रोजचं काम बघतं. तू कुणाची रजा मंजूर करायचीस का, कुणाचं अप्रेझल लिहायचीस का? नसशील तर तुझी बाजू चांगली आहे. एक गोष्ट मात्र वाईट. कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याचं बंधन कारखाने, खाणी आणि मळे यांना आहे, तेही ३०० किंवा जास्त कामगार असतील तर. ऑफिसला ते नाही.

ग्रॅच्युइटी राजीनामा दे किंवा देऊ नकोस, मिळतेच, पाच वर्षं झाली आहेत. ६० हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११. म्हणजे ३,८०,७६९ रुपये. 'सगळं मिळून एवढं देतो' असं म्हणून एकच रक्कम पुढे केली तर त्यातून हे आधी वजा कर आणि मग बघ, खरोखर किती देतायत. बरेचदा तुमचीच ग्रॅच्युइटी तुम्हाला पॅकेज म्हणून विकतात.

आज रात्री स्वतःच्या ईमेलवरून एचआरला चार ओळी लिही : सोमवारी अमुक वेळी बोलावलं, लॅपटॉप घेतला, राजीनामा मागितला, मी दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. रागाचा एक शब्द नको. त्यांनी पॅकेज दिलं आणि ते तुला पटलं, तर घ्यायला हरकत नाही, पण कागद घरी आणून, दोन दिवस ठेवून, वकिलाला दाखवून. नाहीच जमलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दे. तिथला जिना आणि पंखे बघून नाउमेद होऊ नकोस. कारखान्यात असताना मी त्या टेबलाच्या कंपनीच्या बाजूला कितीतरी वेळा बसलेय, आणि नोटीस आली की आमचे साहेब कसे ताठ व्हायचे ते मला माहीत आहे.

प्रश्न : आपण मागे एका अंकात लिहिलं होतंत की इंग्लंडातल्या सव्वाशे नोकऱ्या आपण पुण्यात आणल्या. लेखनात अभिमान होता. आता इथल्या नोकऱ्या बाहेर चालल्या की आपल्याला कळवळा येतो. त्या सव्वाशे जणांचं पुढे काय झालं, हे विचारण्याची तसदी आपण घेतली होती काय? (सदाशिव पेठ, निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : नाही, घेतली नव्हती.

काका, हे दोन बाजूंनी चालत आलंय, एवढं म्हणते आणि पळवाट म्हणून म्हणत नाही. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. चाळीस वर्षांत इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची ओरड एवढी वाढली की १८९६ मध्ये सरकारने इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, का तर तिकडच्या मालाला जड जाऊ नये. त्याच्या आधी आपल्या विणकरांचं काम तिकडे गेलं होतं ते वेगळंच. आणि देशाबाहेरच जायला लागतं असंही नाही. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात २००७ मध्ये गाड्या बनणं थांबलं, त्याच वर्षी उत्तराखंडातल्या पंतनगरला त्यांचा कारखाना सुरू झाला होता, तिथे करसवलत होती. माझ्या शेजारच्या दोन घरांत तेव्हा महिनाभर मोठ्याने टीव्ही लागला नाही.

इंग्लंडात तेव्हा नियम असा होता की एका जागी शंभर किंवा जास्त माणसं कमी करायची तर ९० दिवस आधी त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी सुरू करायची. २०१३ पासून ते ४५ झाले. त्यामुळे मी गेले तेव्हा त्या सगळ्यांना माहीत होतं मी कोण आणि कशाला आले. तरी कुणी वाईट वागलं नाही. पहिल्या उत्तरात ज्या बाईंचं लिहिलंय, त्यांनी पहिल्या दिवशी बिस्किटांचा डबा माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, त्यातली आल्याची घे, बाकीची बेकार असतात. सहाव्या आठवड्यात मी निघाले तेव्हा एका पिवळ्या चिठ्ठीवर घरचा फोन नंबर लिहून दिला.

तो मी एकदाच लावला. हिंजवडीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तिकडे संध्याकाळचे सहा. पुरात घर बुडालेल्या एका माणसाचा जुना क्लेम अडला होता आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटचा कॉल होता. बाईंनी उचलला. एका गार्डन सेंटरमध्ये गल्ल्यावर लागल्या होत्या, नुकत्या घरी आल्या होत्या. क्लेमचा नंबर सांगायचीही गरज पडली नाही, आडनावावरून ओळखलं. म्हणाल्या, निळ्या फाइलमध्ये बघ, अगदी मागच्या बाजूला, सर्व्हेअरचं हाताने लिहिलेलं पत्र आहे. मग विचारलं, निळ्या फाइली नेल्यात ना तुम्ही?

निळ्या फाइली स्कॅनिंगच्या यादीत नव्हत्या. यादी मी केली होती. ऑफिस रिकामं करताना त्या श्रेडिंगला गेल्या होत्या, मला आदल्याच आठवड्यात कळलं होतं.

'हो, सापडली,' म्हटलं आणि आभार मानून फोन ठेवला.